नव्याचे नऊ दिवस संपल्यावर

प्रश्न : ताई, यंदा १ जानेवारीपासून वर्षभरात २००० किलोमीटर पळायचा संकल्प मी केला आहे. माझ्या वडिलांचे शेवटचे दिवस ज्या शुश्रूषा केंद्रात गेले, त्या केंद्रासाठी निधी जमवतो आहे. पहिले दोन महिने पंख फुटल्यासारखे गेले. मार्चअखेर नडगी दुखायला लागली आणि अकरा दिवस घरी बसावं लागलं. त्यानंतर गाडी रुळावर आलीच नाही. आज १५० दिवस झाले. हिशेबाने ८२२ किलोमीटर हवे होते, झालेत ६९०. पहाटे गजर होतो तेव्हा मी जागाच असतो, पण उठत नाही. सुरुवातीला रोज चौकशी करणारे मित्र आता विचारत नाहीत. देणगी दिलेल्या ६४ जणांना काय तोंड दाखवू? सोडून द्यावंसं वाटतं, आणि वडील आठवले की सोडवतही नाही.
– एक वाचक, वय ४१

उत्तर : गजर होतो तेव्हा तुम्ही जागे असता आणि तरी उठत नाही, हे वाचून मी पत्र क्षणभर खाली ठेवलं. आठ वर्षांपूर्वी एका रुग्णालयातल्या मुलांच्या कर्करोग विभागासाठी मी वर्षभर पळत होते. माझा पाचवा महिना असाच छताकडे बघत गेला होता.

आधी हिशेब करून टाकू, कारण अंथरुणात पडल्या पडल्या केलेला हिशेब फार भिववतो. उरलेल्या २१५ दिवसांत तुम्हाला १३१० किलोमीटर पळायचे आहेत, म्हणजे आठवड्याला साधारण ४३. मूळ संकल्पात आठवड्याला अडतीसच्या वर होतेच. फरक चार-साडेचार किलोमीटरचा आहे. तो काही डोंगर नाही. पण आजवरची तुमची सरासरी ३२ च्या आसपास आहे, तेव्हा उद्यापासून एकदम ४३ करायला जाऊ नका. पुढचे बारा आठवडे सरासरी ३७ धरा. तीन आठवडे थोडं थोडं चढवायचं, चौथ्या आठवड्यात उतरवायचं. मग शेवटच्या सव्वाचार महिन्यांत आठवड्याला ४६ च्या घरात पळावं लागेल, आणि तोवर पाय त्याला तयार झालेले असतील.

नडगीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण अशी वर्षं बहुतेक वेळा तिथेच अडकतात. दम लवकर वाढतो, स्नायूही लवकर तयार होतात, हाडं मात्र मागे राहतात. जानेवारीतल्या उत्साहात छाती म्हणते आणखी पळ, आणि नडगीचं हाड अजून महिनाभर मागे असतं. आतल्या कडेने वीतभर पसरलेलं, पळताना थोडं अंग गरम झालं की कमी होणारं दुखणं असेल, तर अंतर कमी करा, मऊ जमिनीवर पळा, ते निवळतं. पण दुखरी जागा एका बोटाने नेमकी दाखवता येत असेल, पावलागणिक कळ वाढत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर त्याच दिवशी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. हाडाला सूक्ष्म चीर गेली असेल तर ती पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे चांगला आला’ एवढ्यावर परत पळायला लागू नका. आणि बूट बघा. जानेवारीतलाच जोड अजून पायात असेल तर त्याचे ६९० किलोमीटर झालेत. साधारण ५०० ते ८०० मध्ये बुटाच्या तळाची उशी बसते.

आता गजराकडे येते. तुम्ही त्याला आळस म्हणत असाल, मला तसं वाटत नाही. तुम्ही रोज पहाटे वडिलांच्या नावाने उठायचं ठरवलंय. म्हणजे रोज पहाटे, दिवस उजाडायच्या आत, त्यांचं जाणं तुमच्यासमोर उभं राहतं. सलग १५० दिवस. एवढं ओझं घेऊन उठणं कुणाच्याही जिवावर येईल.

मी काय केलं ते सांगते. माझ्याकडे दोनशे पानी वही होती, तिच्यात रोजचं अंतर लिहायचे. पाचव्या महिन्यात एका रविवारी त्या आकड्यांकडे बघवेना, म्हणून मी देणगीदारांचे निरोप काढून बसले आणि समासात एकेकाचं नाव लिहीत गेले. नावाखाली त्याने का दिले तेही लिहिलं. कुणी नुसतंच ‘शुभेच्छा’ लिहिलं होतं. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘माझा धाकटा भाऊ तिथे सतरा दिवस होता.’ एवढंच. हा निरोप जानेवारीतच आला होता, मी त्याला उत्तरही दिलं होतं, आणि विसरून गेले होते. त्या आठवड्यात मी एका दिवशी सतरा किलोमीटर पळाले. प्रत्येक किलोमीटरला त्या मुलाचा एक दिवस. नवव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला तेव्हा रस्त्याकडेला बसून पाय चोळला आणि उठले, कारण नवव्या दिवशी तो मुलगा उठून जाऊ शकला नव्हता. घरी येऊन त्या बाईंना फोन केला. त्या काही बोलल्या नाहीत, बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी भावाचं नाव सांगितलं. ते मी वहीत त्यांच्या नावाशेजारी लिहिलं.

तुमच्याकडे अशी ६४ माणसं आहेत. आठवड्यातून पाच दिवस पळालात तर वर्ष संपेपर्यंत दीडशेच्या वर फेऱ्या होतील. प्रत्येकाच्या वाट्याला दोन दोन येतील आणि पंचवीसेक उरतील. त्या उरलेल्या वडिलांसाठी ठेवा. त्यातली महिन्याची एक तरी केंद्राच्या दारापाशी संपवा, आत जा, तिथल्या परिचारिकांशी दोन शब्द बोला. बाकीच्या दिवशी वडिलांना सुट्टी द्या आणि वहीतल्या त्या दिवसाच्या नावासाठी पळा. आदल्या रात्री नाव बघून झोपायचं. सकाळी ‘आज पळू का’ हा प्रश्न उरत नाही, कुणासाठी ते ठरलेलं असतं.

ज्या दिवशी तेही जमणार नाही, त्या दिवसासाठी एक किमान ठरवा. इंग्लंडचे मॅरेथॉनपटू रॉन हिल १९६४ पासून २०१७ पर्यंत, बावन्न वर्षांहून जास्त काळ, रोज पळाले. रोजचं किमान होतं एक मैल, म्हणजे १.६ किलोमीटर. तुम्ही दहा मिनिटं ठरवा. दहाव्या मिनिटाला परतायची पूर्ण मुभा. लेस बांधून दाराबाहेर पडलेला माणूस बहुधा दहा मिनिटांवर थांबत नाही. थांबलाच तर दहा मिनिटं पळून आलेला असतो.

रोज पळण्याचा हट्ट मात्र हिल यांच्याकडून घेऊ नका. माझी चूक तिथेच झाली. वर्षाच्या २०३ व्या दिवशी मला ताप होता आणि साखळी तुटू नये म्हणून मी पळाले. तापात पळणं हृदयाला धोक्याचं असतं, विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचलेला असू शकतो. माझं नऊ दिवस अंथरुणात काढण्यावर निभावलं. त्याहून वाईट म्हणजे ते नऊ दिवस मी लपवले. देणगीदारांना पाठवायच्या मासिक पत्रात एकूण अंतर लिहिलं, खंड लिहिला नाही. एका वयस्क देणगीदारांनी विचारलं, ‘या महिन्यात रोजची नोंद नाही?’ मला खरं सांगावं लागलं. ते म्हणाले, ‘आधी सांगायचं होतंस, मी काळजी केली असती.’ त्यांनी पैसे दिले होते, आणि काळजी करायचा हक्कही त्यातच आला, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

म्हणून ६४ जणांना याच आठवड्यात पत्र लिहा. अकरा दिवसांचं लिहा, ६९० लिहा, पुढचा हिशेब लिहा. माफी मागू नका. खंड पडल्याने सवय मोडली असंही समजू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना नवी सवय लावून घेताना अभ्यासलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असा अंदाज निघाला, पण कुणाला १८ तर कुणाला २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नव्हतं. अकरा दिवस म्हणजे एक दिवस नव्हे, कबूल. पण तुमच्यामागे त्याआधीचे जवळजवळ तीन महिने आहेत.

मित्र विचारत नाहीत याचं वाईट वाटणं स्वाभाविक आहे. कर्करोगामुळे एक पाय गमावलेला कॅनडाचा तरुण टेरी फॉक्स १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पाय लावून कर्करोग संशोधनासाठी कॅनडा ओलांडायला निघाला, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. सुरुवातीला काही गावांत त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्षही गेलं नाही. मग पोर्ट ओ बास्क या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजार डॉलरहून जास्त निधी उभा केला, माणशी एक डॉलर. पुढे अख्ख्या देशाकडून माणशी एक डॉलर हेच त्याचं ध्येय झालं. त्या गावाला पोचेपर्यंतचे दिवस त्यालाही असेच काढावे लागले होते.

मित्रांना ‘विचारत जा’ म्हणू नका, ‘पळायला या’ म्हणा. आठवड्यातून एक दिवस, तीन किलोमीटर, त्यांच्या वेगाने. बोलता बोलता पळता येईल एवढाच वेग. तुमच्या पायांनाही असा एक सावकाश दिवस हवाच आहे.

प्रश्न : मीही अशाच संकल्पासाठी पळते. पण पुन्हा पुन्हा त्याच लोकांकडे पैसे मागायची लाज वाटते, त्यामुळे पळण्यातूनही मन उडतं. काय करावं?

उत्तर : ज्यांनी दिले त्यांच्याकडे पुन्हा मागू नका. त्यांना फक्त कळवत राहा, महिन्यातून एकदा, चार ओळींत : किती पळाले, कुठे अडलं, संस्थेत त्या पैशाचं काय झालं. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि बहुतेक जण नेमकी तीच गाळतात. संस्थेला विचारा, ‘खाटेशेजारी नातेवाइकाला झोपता येईल अशा दोन खुर्च्या आल्या’ इतकं नेमकं उत्तर मागून घ्या. असं पत्र लोक आपणहून पुढे पाठवतात आणि नवी माणसं त्यातूनच येतात. आणि लाज वाटते तेव्हा हे आठवा, की तुम्ही स्वतःसाठी काहीच मागत नाही आहात.

प्रश्न : आमचे हे वर्षभराच्या निधीदौडीत आहेत. आताशा गप्प असतात, चिडतात. मी स्वतः पळत नाही. मी त्यांना काय मदत करू?

उत्तर : ‘आज किती झाले?’ हे विचारणं थांबवा. तो आकडा त्यांच्या डोक्यात दिवसभर असतोच. ‘आज वाटेत काय दिसलं?’ असं विचारा.

त्यांच्या झोपेवर लक्ष ठेवा. झोप उडाली, सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त लागली आणि चिडचिड वाढली, असं तिन्ही एकदम चार-पाच दिवस चाललं, तर शरीर दमलंय असं समजा. त्यांना आठवडाभर अर्ध्यावर आणा. ऐकणार नाहीत, तरी सांगा; घरातलं माणूस सांगतं तेव्हा चार दिवसांनी का होईना, ऐकलं जातं. त्यानेही फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे न्या.

आणि एखाद्या दिवशी त्यांच्या शेवटच्या किलोमीटरला रस्त्याच्या टोकाशी जाऊन उभ्या राहा. पळायला नको, टाळ्याही नकोत. मी शेवटच्या वळणावरून आले की माझी बहीण हातात टॉवेल घेऊन उभी असायची. वर्षभरात सहा-सातदाच आली असेल. पण त्या वळणावर ती दिसते का, हे मी रोज बघायचे.