पिवळं कुत्रं आणि दुपार न सरणारी सून

प्रश्न : ताई नमस्कार. मी पुण्याची. लग्नानंतर आठ वर्षं तिथंच नोकरी केली, पण सासऱ्यांना लकवा झाला म्हणून दिवाळीपासून आम्ही आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी येऊन राहिलोय. मिस्टर दिवसभर वावरात, मुलगी शाळेत, आणि सासऱ्यांचं सगळं आटोपलं की दुपार जाता जात नाही. रेंजसुद्धा अंगणाच्या एकाच कोपऱ्यात येते. सगळे म्हणतात गावात काय मस्त निसर्ग आहे, मला तर सगळीकडे धूळच दिसते. त्यात एक पिवळं कुत्रं मागं लागलंय, एकदा भाकर टाकली तर आता दारातून हलत नाही, नाल्यावर गेले तरी मागे. खरं सांगू, दिवसभरात तेवढंच बरं वाटतं. पण सासूबाई म्हणतात, लळा लावू नको. काय करू?

उत्तर : अगं, "तेवढंच बरं वाटतं" हे तू लिहिलंस ना, ते मी दोनदा वाचलं. तिथूनच सुरू कर. निसर्ग राहू दे बाजूला. तो शब्द ऐकला की माणूस डोंगर न् धबधबे शोधायला लागतो, आणि आपल्या इकडं फाल्गुनात काय असतं, उपटलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग, भेगा पडलेली काळी जमीन आणि बैलबंडी गेली की उडणारा फुफाटा. तुला धूळ दिसते कारण धूळ आहेच, यात तुझं काही चुकलेलं नाही.

मी सतरा वर्षांपूर्वी नागपूरहून समुद्रपूरकडच्या गावात आले तेव्हा माझंही असंच होतं. मग काळू आला. त्याला रोज सकाळी सहाला बाहेर जायचंच असायचं म्हणून मीही त्याच्यामागं धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधानं, चालायची, आणि पहिला महिनाभर मला त्याच्या शेपटीशिवाय काही म्हणता काही दिसलं नाही. पण एप्रिलमध्ये एका पडीक तुकड्याजवळ रोज तेच व्हायला लागलं, आम्ही तिथं पोचलो की टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडत डोक्यावरून घिरट्या घालायची. एक दिवस काळूला जुन्या नाडीनं बांधून मी लांब बाभळीखाली बसून राहिले. बऱ्याच वेळानं टिटवी चालत आली, थांबली, परत चालली, आणि उघड्या जमिनीवर गोट्यांमध्ये बसली. तिथं चार अंडी होती. घरटं नाही, काडी नाही, मातकट रंगावर काळे ठिपके, नुसत्या खड्यांसारखी. मी किती वेळा तिथून गेले असेन! पुढं साधारण चार आठवडे मी रोज त्या बाभळीपर्यंतच जायची, त्याच्या पुढं नाही. आणि एका सकाळी कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं, अंड्यातून निघाली न् लगेच पायावर पळायलाही लागली. त्या दिवशी मी घरी येऊन शेजारच्या काकूंना सांगितलं तेव्हा माझा आवाज कापत होता. इतका आनंद मला पगारवाढीनं कधी झाला नव्हता बघ.

म्हणून तुला एकच सांगते, रोज नवीन जागा शोधू नकोस. एकच वाट धर, तुझ्या नाल्याचीच धर, आणि त्या कुत्र्याबरोबर रोज जा. ते थांबलं की तूही थांब, त्याला नाकानं आधी कळतं, आपल्याला मागाहून दिसतं.

आता सासूबाई. त्या दुष्टपणानं म्हणत नाहीयेत गं. गावातल्या बाईनं किती कुत्री मरताना पाहिलेली असतात, एखादं टेम्पोखाली, एखादं बिबट्यानं नेलेलं, एखादं पिसाळलेलं. माझा काळू सहा वर्षांनी गोचिडाच्या तापानं गेला, त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडलेल्या मला उशिरा दिसल्या, ते अजून मनातून जात नाही. तेव्हा लळा लाव, पण नीट लाव. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घे आणि ती दरवर्षी द्यायची असते हे कॅलेंडरवर लिहून ठेव, घरात लेकरू आहे. कुणाला दात लागलाच तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची आणि तडक सरकारी दवाखाना गाठायचा, हळद-चुना काही लावायचं नाही. कानामागं, बोटांच्या बेचक्यात एक दिवसाआड हात फिरवून गोचीड बघ. कांदा घातलेलं पिठलं देऊ नको, कांदा कुत्र्याला बाधतो. भाकर-ताक चालेल, अधूनमधून अंडं दे. आणि उन्हाळ्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा दहा वाजल्यानंतर त्याला मातीवर चालवू नको, पाय भाजतात, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घामही येत नाही. दारात सावलीला पाण्याचं घमेलं ठेव, चिमण्या न् साळुंक्यापण येतील.

एक मात्र कडक सांगते. ससा नाहीतर रोही, म्हणजे नीलगाय, दिसली की त्याला मोकळं सोडू नको. तुमच्या वर्धा जिल्ह्यात बोर अभयारण्य आहे, 2014 पासून ते व्याघ्र प्रकल्प झालंय, आणि गावकुत्र्यांमुळं जंगलातल्या जनावरांना रोगही लागतात. रात्री ओसरीत आत घे, बाहेर बांधून ठेवलेलं कुत्रं बिबट्याला आयतंच सापडतं.

सासूबाई दत्ताचं करतात का? दत्तावतार मानलेल्या नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव कारंजा लाड आपल्या विदर्भातलंच, म्हणून बऱ्याच घरांत असतं. तसं असेल तर तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत तेवढं त्यांना दाखव, वाद घालू नको. एक दिवस त्याच उरलेली भाकर टाकतील.

आणि आत्ता फाल्गुन आहे, दिवस वाया घालवू नकोस. पळस पेटलाय, आठवड्या-दोन आठवड्यांत मोह गळायला लागेल. मोहफुलं पहाटे पडतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, आणि तो वास, गोड आणि जड, झाड दिसायच्या आधी येतो. झुंजूमुंजू व्हायला लागलं की सासूबाईंना म्हण, चला, मला मोह कसा वेचतात ते शिकवा. त्यांच्या माहेरी झाड असेल तर त्या वेचता वेचता आपोआप बोलायला लागतील, मिस्टर तेवढा वेळ सासऱ्यांपाशी बसतील. टोपली त्यांच्या हातात दे, कुत्रं तू धर. मग मला लिही, त्याचं नाव काय ठेवलं ते.