पिवळा दिवा लागलेली गाडी विकताना

सोलापूर

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेला मीटरचा फोटो पाहिला. इंजिनाचं पिवळं चित्र पेटलेलं, आणि खाली तुझा प्रश्न : "काका, एजंट म्हणतो, कोड उडवून टाकू, दिवा जातो, रविवारी गिऱ्हाईक आणतो. चालेल का?" (कोड म्हणजे बिघाड दिसला की गाडीचा कॉम्प्युटर नोंदवतो तो नंबर.) फोनवर मी नुसतं 'नको' म्हणालो, कारण गॅरेजात माणसं उभी होती. पण बाबांनी गाडी विकण्याचा एवढा मोठा व्यवहार पहिल्यांदाच तुझ्या हाती सोपवलाय, तेव्हा त्या 'नको'मागचं सगळं तुला कळायला हवं. म्हणून सवडीनं लिहितोय.

आधी गाडीचं बघू. दिवा लाल असेल तर गाडी तिथंच बाजूला घेऊन बंद करायची. ऑइलचं प्रेशर गेलं किंवा इंजिन तापलं तर पुढचा एक किलोमीटरही महागात पडतो. पिवळा, स्थिर दिवा म्हणजे चालवता येईल, पण दाखवून घे. तोच पिवळा लुकलुकायला लागला तर मात्र मिसफायर आहे, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाही, असं समज. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेत जाऊन जळतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा डबा, भाजून काढतं. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असतात, म्हणून तो एवढा महाग. ठिणगीसाठी लागणाऱ्या एका इग्निशन कॉइलचं काम लांबवलं की ते असं त्या डब्यापर्यंत जातं. तुझा दिवा स्थिर आहे, ही चांगली गोष्ट. टेस्ट ड्राइव्हला कधी लुकलुकला, तर गिऱ्हाईक समोर असलं तरी गाडी थांबव.

एजंटच्या माणसानं कोड वाचणारा स्कॅनर लावला तेव्हा पी0171 आला, असं तू लिहिलंस. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. हे लक्षात ठेव की कोड लक्षण सांगतो, रोग सांगत नाही. आपल्याला ताप आला म्हणजे मलेरियाच असं नसतं ना, तसं. कारण फाटलेला पाइप असू शकतं, हवा मोजणारा सेन्सर मळलेला असू शकतो, पेट्रोल पंप दमलेला असू शकतो. स्वस्तातलं कारण सोडून महाग पार्ट बदलणारे खूप आहेत.

गेल्या उन्हाळ्यात हाच कोड घेऊन एक गाडी माझ्याकडे आली होती. बाहेर दोन सेन्सर बदलून झाले होते, तरी दिवा परत. मी इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत, गळती शोधायला हलक्या दाबानं धूर सोडला, बॉनेटवर ताडपत्री धरायला पोराला सांगितलं आणि टॉर्च घेऊन खाली वाकलो. दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग ब्रीदर पाइपाच्या वाकणाखालून, वरून कधीच दिसणार नाही अशा जागेतून, उदबत्तीसारखी धुराची एक बारीक रेघ वर आली. बोट फिरवलं तर नखाएवढी चीर. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि या गाड्यांच्या बॉनेटखाली प्लास्टिक आणि रबर ठासून भरलेलं. वर्षानुवर्षं भाजून ते पापडासारखं कडक होतं. तुझ्या गाडीतही तेच निघेल असं मी म्हणत नाही, पण दुरुस्तीच्या खर्चाचा पुण्याहून आलेला मोठा आकडा ऐकून तू घाबरलीस, त्याआधी हा धूर सोडून बघायला हवा.

आता कोड उडवण्याचं. दुरुस्ती न करता कोड काढला तर दिवा विझतो हे खरं. पण गाडीचा कॉम्प्युटर त्यासोबत स्वतःच्या तपासण्याही पुसून टाकतो. ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक, पेट्रोलची वाफ अशा एकेका तपासणीपुढे 'अपूर्ण' असं दिसायला लागतं. कोड काढल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, तेही तिथं नोंदलेलं असतं. साधा स्कॅनर घेऊन आलेला कुणीही मेकॅनिक हे पाच मिनिटांत वाचतो. 'बारा किलोमीटर' असं दिसलं की त्या गिऱ्हाइकाचा गाडीवरचा विश्वास जातो, आणि तुझ्यावरचाही. मग इंजिन उत्तम असलं, टायर नवे असले, तरी तो प्रत्येक गोष्टीकडे संशयानंच बघणार.

काही जण याहून पुढे जातात. मीटर उघडून दिव्यावर पट्टी चिकटवतात, एअरबॅगचा दिवा दुसऱ्या दिव्याला जोडून ठेवतात. म्हणून जुनी गाडी घेताना चावी फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही आणि मीटर बघायचं. इंजिन, ब्रेकचं एबीएस, एअरबॅग यांचे दिवे आधी पेटले पाहिजेत. जो पेटतच नाही, तो कुणीतरी मारलेला असतो. एअरबॅगचा दिवा मारून गाडी विकणाऱ्याला मी माझ्या दारात उभा करत नाही.

हे मी एवढ्या कळकळीनं का लिहितोय, ते पण सांगतो. साधारण 15 वर्षांपूर्वी एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं संध्याकाळी गाडी आणली. "उद्या व्यवहार आहे, आजच्यापुरता दिवा घालवा." मी स्कॅनर लावला, बटण दाबलं. दोन मिनिटांचं काम. पैसे पण घेतले नाहीत. गाडी मंगळवेढ्याकडच्या एका कुटुंबानं घेतली आणि दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्या आईला घेऊन ते तुळजापूरला निघाले. घाटात गाडीचा दम गेला. दिवा परत आला आणि कॉम्प्युटरनं इंजिनाची ताकद कापली. आई कठड्याच्या कडेला उन्हात बसलेली, पोरं पाणी मागतायत. बिलाच्या फाईलमध्ये माझ्या गॅरेजचा नंबर होता, म्हणून त्यांनी मला फोन लावला. शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?"

मी हो म्हणालो. टोचन घेऊन गेलो, गाडी आणली, स्वतःच्या खर्चानं काम करून दिलं. त्यानंतर विक्रीला निघालेल्या गाडीचा कोड मी दुरुस्तीआधी कधी काढला नाही.

कायद्याचंही ऐकून ठेव, कारण एजंट तुला म्हणेल, "त्यानं विचारलं नाही, आपण सांगितलं नाही, संपलं." भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या कलम 17 मध्ये घोड्याचं उदाहरण आहे. घोडा सदोष आहे हे माहीत असून मालक लिलावात गप्प राहिला, तर तेवढ्यानं ती फसवणूक होत नाही. पण घेणारा जर म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धडधाकट समजतो," आणि मालक तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलल्यासारखंच धरलं जातं. आणि माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं, ही त्याच कलमात सरळ फसवणूक आहे. दिवा विझवणं म्हणजे झाकणंच. असा व्यवहार घेणारा मोडू शकतो.

तुला घोड्यापर्यंत जायचीही गरज नाही. बाबांच्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यात तू लहानपणापासून बघितलंयस. टॉवेलमध्ये एक धागा तुटलेला दिसला तरी तो बाजूला पडायचा आणि सेकंडच्या भावानं, सेकंड म्हणूनच विकला जायचा. फर्स्टच्या गठ्ठ्यात घातला असता तर कुणाला लगेच कळलं असतं असं नाही. बाबांनी तरी कधी घातला नाही. गाडीलाही तोच न्याय लाव.

म्हणून माझं म्हणणं असं. कारण आधी शोधू. काम आवाक्यातलं निघालं तर करून टाकू, बिल आणि जुना पार्ट पिशवीत ठेवू, मग कोड काढू आणि गाडी आठवडाभर नेहमीसारखी चालवू : सकाळी थंड इंजिनावर सुरू करून, गावात, मग हायवेनं मोहोळपर्यंत जाऊन परत. तपासण्या पूर्ण झाल्या की स्कॅनरचा कागद काढू. काम मोठं निघालं तर करायचं नाही. खर्चाचा लेखी अंदाज घ्यायचा, एक कंपनीच्या सेंटरचा, एक बाहेरचा, आणि दिवा चालू ठेवूनच गाडी दाखवायची. गिऱ्हाईक बसलं की तू स्वतःच म्हण, "हा दिवा लागतो, कारण हे आहे, खर्च एवढा आहे, किंमत तो धरूनच सांगितलीय." यामुळे घासाघीस कमी होते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. माहीत नसलेल्या दोषाचे लोक दुप्पट-तिप्पट पैसे कापतात, कागदावर लिहिलेल्या दोषाचे तेवढेच कापतात. इसार पावतीवर पण ते वाक्य लिही आणि त्याची सही घे.

कागदांत एक चूक करू नकोस. एजंट मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर घेणाऱ्याचं नाव न लिहिता सह्या मागेल. देऊ नकोस. कोऱ्या सह्यांवर गाडी तीन हातांतून फिरते आणि आरसीवर नाव बाबांचंच राहतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जाईल, गाडी आधीच विकली असली तरी. घेणारा राज्यातला असेल तर आरटीओला 14 दिवसांत कळवायचं. विजापूर-कलबुर्गीकडचा, म्हणजे कर्नाटकातला असेल तर 45 दिवस मिळतात, पण फॉर्म 28 ची एनओसी लागते. कर्ज फिटलंय, पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलाय का ते बघ. पैसे बँकेतूनच घे. 2 लाख किंवा जास्त रोख घेतली तर आयकराचा दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे बाबांना होतो. फास्टॅग बंद कर, आणि विम्याचा नो क्लेम बोनस बाबांच्या नावानं राखून ठेवायचं पत्र कंपनीकडून माग.

रविवारचं गिऱ्हाईक पुढे ढकल. एजंट चिडला तर माझं नाव सांग.

गुरुवारी सकाळी साडेसातला गाडी घेऊन ये, ऊन चढायच्या आत. आदल्या रात्री चालवू नकोस, मला ती थंड हवीय. सर्व्हिसची सगळी बिलं आण, आणि दोन्ही चाव्या. दुसरी चावी बाबांच्या कपाटात असेल. या गाड्यांची नवीन चावी करायला फार पैसे पडतात आणि घेणारा तिच्यासाठी वेगळे कापतो. बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
काका