टाकीतलं पाणी हिरवंगार असूनही डाफ्निया का वाढत नाहीत?

तुम्ही कोथरूडच्या गच्चीवर टाकीत डाफ्निया (गोड्या पाण्यातले, शैवाल खाणारे इवलेसे कवचधारी जीव) पाळलेत, पाणी हिरवंगार आहे, तरी पिल्लं वाढत नाहीत म्हणताय. मला वाटतं, पोट भरतंय पण पोषण होत नाहीये.

भरपूर ऊन आणि फॉस्फरस कमी, अशा पाण्यात शैवालात कार्बन साठत जातो, त्यामानाने फॉस्फरस कमी पडतो. डाफ्नियाला वेगाने वाढायला पेशीत रायबोसोम (प्रथिनं बनवणारे घटक) भरपूर लागतात, आणि रायबोसोमच्या आरएनएत फॉस्फरस असतो. डाफ्नियाच्या कोरड्या वजनाच्या साधारण 1 ते 1.5 टक्के फॉस्फरसच! खाण्यात कार्बन-फॉस्फरसचं अणुप्रमाण अंदाजे 300:1 च्या वर गेलं की वाढ मंदावते, अंडी कमी होतात. जादा कार्बन ते श्वसनातून बाहेर टाकतात, मिळालेला फॉस्फरस मात्र धरून ठेवतात. कोपेपॉड्सना (पाण्यातलेच दुसरे इवलेसे कवचधारी जीव) फॉस्फरस कमी लागतो, म्हणून ते अशा पाण्यात तग धरतात.

पाषाण तलावात ही अडचण सहसा यायची नाही. सांडपाण्यातून फॉस्फरस आयताच येतो; तिथली दुखणी वेगळी.

टाकीवर थोडी सावली करा, म्हणजे शैवालात कार्बन कमी साठेल; आणि फॉस्फरससाठी चिमूटभर यीस्ट पाण्यात कालवून द्या. पण जपून, जास्त झालं तर पाणी नासतं. आणि नळाचं पाणी थेट ओतत असाल तर आधी क्लोरीन तपासा.