डबा घेऊन वाचनालयात

"वाचनालयात बसून नोकरी लागते होय, मॅडम?"

नोकरी गेलेला माणूस सल्ल्याला आला आणि त्याला वाचनालय सुचवलं की मला पहिला प्रश्न हाच येतो. तिथे म्हातारे पेपर वाचतात, पोरं एमपीएससी करतात, आपलं काय काम? या वेळी विचारणारा होता नाशिकच्या सिडकोतला २९ वर्षांचा सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा) ऑपरेटर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आयटीआय टर्नर, अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत चार वर्षं. करार संपला आणि पुढे वाढलाच नाही. घरी सांगायचं धाडस झालं नाही. पहिल्या पाळीच्या वेळेला डबा घेऊन निघायचा, गोल्फ क्लबच्या मैदानावर नाहीतर घाटावर बसायचा, साडेतीनला घरी. मधल्या वेळात मोबाइलवर अर्ज. दीडशेच्या वर अर्ज टाकले होते, फोन एकही नाही.

तर उत्तर असं: वाचनालय नोकरी देत नाही, पण नोकरी शोधायला लागणारं टेबल देतं. हे काम मांडीवर मोबाइल ठेवून, उन्हात, ओळखीचं कुणी दिसेल या धास्तीत होत नाही. नाशिकला वाचनालयांची वाण नाही. सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचं. शिवाय उपनगरांतली छोटी वाचनालयं आहेत. छोट्या ठिकाणी संगणक असेलच असं नाही, म्हणून सभासद होण्याआधी तीन गोष्टी विचारा: वेळ काय, जुने पेपर किती महिन्यांचे ठेवता, आणि नेट-प्रिंटची सोय आहे का.

त्याचा बायोडाटा आधी टेबलावर घेतला. वर वडिलांचं नाव, धर्म, उंची. खाली 'कष्टाळू, प्रामाणिक'. अनुभव एका ओळीत: 'सीएनसी ऑपरेटर, ४ वर्षे.' हे वाचून सुपरवायझरला काय कळणार? मग एकेक विचारत गेलं. मशीनचा कंट्रोल कोणत्या कंपनीचा? फानुक. मटेरियल? जास्त करून ईएन ८ पोलाद. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक? ०.०२ मिमी. ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाची दुरुस्ती, कोण द्यायचं? "मीच की." मोजायला काय वापरायचा? मायक्रोमीटर, बोअर गेज. पाळीला किती नग? १८०. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं, कागदावर मात्र एक अक्षर नव्हतं. दीडशे अर्ज गप्प राहिले त्याचं मोठं कारण हेच. नवा बायोडाटा एका पानात बसला.

एक खाचखळगा ठेकेदाराच्या माणसांनी नीट समजून घ्यावा. अनुभवपत्र मिळालं नसलं तरी पीएफच्या पोर्टलवर यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) टाकून नोकरीचा तपशील काढता येतो आणि त्याची प्रिंट पुरावा म्हणून दाखवता येते. पण तिथे नाव दिसतं ठेकेदाराचं. बायोडाट्यात नुसतं कंपनीचं नाव लिहिलं की पडताळणीत दोन्ही जुळत नाही आणि माणूस खोटारडा ठरतो. 'अमुक कंपनी (तमुक ठेकेदारामार्फत)' असंच लिहायचं.

मग पेपर. बहुतेक जण आजचा पेपर बघतात, जाहिरात सापडली नाही की उठतात. त्याला मागच्या तीन महिन्यांचे गठ्ठे काढायला सांगितलं. त्यातून कळतं की कोणती कंपनी एकाच पदासाठी पुन्हापुन्हा जाहिरात देते. अशा ठिकाणी एकतर काम वाढलंय किंवा माणसं टिकत नाहीत. दोन्ही माहिती उपयोगाची. निमा, आयमासारख्या नाशिकच्या उद्योजकांच्या संघटनांची उद्योग-निर्देशिका मिळाली तर तीही उघडावी. जुन्या निर्देशिकेतले फोन लागत नाहीत, पण कारखाना काय बनवतो हे सहसा बदलत नाही. टर्निंगचं (लेथवरचं) काम करणारे सातपूर, अंबड, सिन्नरचे २५ कारखाने त्याने वहीत उतरवले. रकाने सहा: तारीख, कंपनी, पद, कुणाला दिलं, शेवटची तारीख, पुन्हा कधी विचारायचं. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर बाकीचे पाच फुकट.

संगणकाचा वेळ ठरलेला असतो, अर्धा-पाऊण तास. तयारी नसेल तर तो फोटो शोधण्यातच जातो. दाखले आधी डिजिलॉकरमध्ये, फोटो आणि सही छोट्या आकारात स्वतःलाच मेल करून ठेवलेले हवेत. महास्वयम आणि नॅशनल करिअर सर्व्हिस या दोन्ही सरकारी पोर्टलवर नोंदणी फुकट आहे. त्याची महास्वयमची नोंदणी आयटीआयच्या वेळची, जुन्या सिमवर. ओटीपी येणार कुठे? पहिला दिवस नंबर बदलण्यातच गेला. उठताना लॉगआऊट, डाउनलोडमधली आधारची प्रत पुसणं, रिसायकल बिनही रिकामं करणं, हे विसरायचं नाही. सार्वजनिक संगणकावर आधार उघडा टाकून जाणारे रोज दिसतात. आणि 'नोटांच्या प्रेसमध्ये ओळख आहे, आधी फी भरा' म्हणणारा भेटलाच तर एक रुपयाही द्यायचा नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

अभ्यासिकेत एक अडचण हमखास येते. फोन बंद ठेवावा लागतो आणि भरतीवाल्यांचा फोन नेमका तेव्हाच येतो. त्याचे दोन असेच हुकले. ते सहसा यादीतल्या पुढच्या नावाकडे जातात, दुसऱ्यांदा करत नाहीत. फोन व्हायब्रेटवर, जिन्याजवळची खुर्ची, आणि मिस्ड कॉलला तासाभराच्या आत उलटा फोन. दुसरी अडचण मोहाची. आजूबाजूला सगळे स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेले. तिसऱ्या आठवड्यात त्यानेही एक गाइड घेतलं. परीक्षा द्यायला हरकत नाही, पण वहीतली कामं टाळायला ते गाइड उघडलं जात असेल तर वाचनालय म्हणजे सावलीतलं मैदानच. पेपर आणि वही सकाळी दोन तास, मग बायोडाटा घेऊन कारखान्यांच्या गेटवर, दुपारनंतर हवं ते वाच, असं ठरलं.

ग्रंथपालांनाही यात करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला अनुदान लागत नाही. पेपरच्या टेबलाजवळ कात्रणांची एक फाइल, शेवटची तारीख लाल शाईत, तारीख उलटली की कात्रण बाहेर. सभासदांत निवृत्त पर्सोनेल मॅनेजर असतातच. त्यांना शनिवारी दोन तास बायोडाटे तपासायला बसवावं. ऑनलाइन मुलाखतीसाठी अर्धा तास एखादी शांत खोली मिळाली तरी पोरांचं मोठं काम होतं.

घरी सांगणं मात्र वाचनालयाच्या हातात नव्हतं. त्यासाठी आमच्या दोन बैठका गेल्या. "नोकरी गेली" एवढंच सांगितलं की घरच्यांच्या हाती फक्त काळजी येते. म्हणून वही सोबत न्यायची ठरली: हे पंचवीस कारखाने, इथे देऊन झालं, इथे गुरुवारी विचारायचंय. वडील बराच वेळ पानं उलटत होते. मग एका नावावर बोट ठेवून म्हणाले, "इथे आपल्या शेजारच्या अण्णांचा भाचा आहे. उद्या जाऊ त्यांच्याकडे."

आतापर्यंत दोन मुलाखती झाल्यात. सिन्नरच्या कारखान्याने ट्रायलला बोलावलंय, पगार आधीपेक्षा कमी सांगितलाय आणि बसभाड्याचा हिशेब तो वहीच्या मागच्या पानावर मांडतोय. डबा अजून रोज नेतो.