टॅपेट वाजू देत, घट्ट करू नका

तुमची १४८९ सीसीची पेट्रोल ॲम्बेसेडर सकाळी टिक टिक वाजते. फिटर म्हणतो टॅपेट आवळू, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट कमी करू, नाही थांबली तर हेड उतरवू. काय करावं आणि खर्च किती, असं तुम्ही विचारलंय. आवाज कुठला ते कळेपर्यंत कुणाला स्क्रूला हात लावू देऊ नका.

आमची गुहागरची गाडी अशीच वाजायची. बाबा म्हणत, "आवाज वरचा नाही, बाजूचा आहे." दादा गणपतीला मुंबईहून आला, त्याचं म्हणणं इंजिन चालू आहे हे कळताही कामा नये. चिपळूणला एका फिटरकडे नेली. त्याने चालू इंजिनवरच एकेक स्क्रू आवळून आवाज बसवला. जिथे १५ थाउची (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट लागते तिथे फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांचं, ५ थाउचं पानही शिरत नव्हतं, हे मी मागाहून मोजलं. पण गाडी शांत वाटत होती आणि दादा खूश होता. मी गप्प बसलो, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दोन महिन्यांनी कऱ्हाडला निघालो तर कुंभार्ली घाटात गाडी मिसिंग मारायला लागली. दुसऱ्या गिअरलाही चढेना. हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट वॉल्व्हच्या काठाला नखाएवढी खाच पडलेली, कड राखाडी आणि ठिसूळ. वॉल्व्ह सीटवर टेकलेला असतो तेव्हाच त्याची बरीचशी उष्णता हेडमध्ये उतरते. गॅपच नसला की तापून लांबलेला वॉल्व्ह पुरता बसत नाही आणि फटीतून जाळ जाऊन काठ खातो.

आणि मूळची टिक टिक? हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचे स्टड खाऱ्या हवेने गंजलेले, एक नट गायब, गॅस्केटपाशी काजळीचा पट्टा. बाबा म्हणत होते तेच. या इंजिनात मॅनिफोल्ड आणि रॉकर हलवणारे पुशरॉड एकाच बाजूला असतात, म्हणून कान फसतो.

तेव्हा आधी काजळी शोधा. मग हातभर रबरी नळी कानाला लावून मॅनिफोल्डच्या सांध्यावरून फिरवा, फॅनपासून जपून. गॅस्केटचा आवाज थंड इंजिनला जास्त येतो, चढावर वाढतो आणि तापल्यावर बरेचदा मिटतो. टॅपेटचा असा मिटत नाही. टॅपेटच वाटला तर कव्हर काढून इंजिन आयडलिंगला ठेवा आणि रॉकर व वॉल्व्हच्या मध्ये फिलर गेजचं पान सरकवा. ज्यावर आवाज दबेल तो वॉल्व्ह. मग इंजिन बंद करून १५ थाउ, म्हणजे ०.३८ मिमी, लावा: आठवा वॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला, सातवा उघडा असताना दुसरा, बेरीज कायम नऊ. गॅप बरोबर येऊनही वाजत असेल तर रॉकरच्या तोंडाला खड्डा पडलाय. पान खड्ड्यावरून सपाट जातं आणि खोटं माप देतं.

दादा अजूनही म्हणतो गाडी वयाने गेली. वयाने नाही गेली. बाबांचं ऐकलं असतं तर एका गॅस्केटवर आणि चार स्टडवर भागलं असतं. तो वॉल्व्ह मी जपून ठेवलाय.

एक राहिलंच. आवाज टिक टिक नसून खालून धप् धप् येत असेल किंवा ऑइलचा दिवा लागत असेल, तर यातलं काहीच करू नका. इंजिन ताबडतोब बंद करा आणि गाडी ओढून न्या.