‘आंध्रभृत्य’ : आंध्रांचे सेवक, की सेवक असलेले आंध्र?

प्रश्न : सातवाहन घराण्यातला राजा गौतमीपुत्र सातकर्णी आंध्र की महाराष्ट्रीय, या वादात दोन्ही बाजू पुराणांतला ‘आंध्रभृत्य’ हा शब्द पुढे करतात. त्याचा नेमका अर्थ काय? आणि आज लिहिताना आंध्र, सातवाहन, शालिवाहन यांपैकी काय लिहावं?

उत्तर : दोन्ही बाजूंना तो शब्द वापरता येतो, कारण हा समास दोन तऱ्हांनी सुटतो. ‘आंध्रांचे भृत्य’ असा षष्ठी तत्पुरुष घेतला, तर हे राजे आंध्रांच्या पदरी असलेले कोणी दुसरे ठरतात. ‘आंध्र असे भृत्य’ असा कर्मधारय घेतला, तर ते स्वतः आंध्र आणि चाकरी मात्र भलत्याच कुणाची. भृत्य म्हणजे ज्याचं भरणपोषण धनी करतो तो, आपल्याकडे ‘पदरचा माणूस’ म्हणतात तसा. त्यात घरगडी येतो तसा मंत्रीही येतो.

तत्पुरुषाच्या बाजूने पुराणांतच एक भक्कम दाखला आहे. सातवाहनांच्या आधी शुंग आणि मग काण्व ही घराणी येतात. त्यांतल्या काण्व राजांना पुराणं ‘शुंगभृत्य’ म्हणतात. पहिला काण्व वसुदेव हा शुंग राजा देवभूतीचा अमात्य. तो ब्राह्मण काण्वायन घराण्यातला होता, शुंग कुळातला नव्हता. म्हणजे तिथे ‘शुंगांचे भृत्य’ हाच विग्रह होतो. मग त्याच वंशावळीतला ‘आंध्रभृत्य’ वेगळा का सोडवायचा? हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण भागवतात आला की तो अडतो. तिथे म्हटलं आहे : ‘हत्वा काण्वं सुशर्माणं तद्भृत्यो वृषलो बली। गां भोक्ष्यत्यन्ध्रजातीयः...’ शेवटचा काण्व सुशर्मा, त्याला मारणारा ‘तद्भृत्य’, म्हणजे काण्वाचाच सेवक, आणि तो ‘अंध्रजातीय’. चाकरी काण्वांची आणि जन (लोकसमूह) आंध्र, म्हणजे अर्थ कर्मधारयाकडे झुकला. मत्स्यपुराण आणखी तिसरीच वाट दाखवतं : आंध्रांचं राज्य संपल्यावर त्यांच्या भृत्यांच्या वंशात सात आंध्र, दहा आभीर वगैरे राजे होतील. तिथे भृत्य हे सातवाहनांच्या नंतरचे आहेत. उलट विष्णुपुराण 30 राजे आणि 456 वर्षं सांगून खुद्द सातवाहनांनाच आंध्रभृत्य म्हणतं.

‘जातीय’ शब्दापाशीही जपून राहावं लागतं. आज तो म्हटला की जात आठवते. संस्कृतात ‘-जातीय’ हा ‘त्या प्रकारचा’ या अर्थाचा प्रत्ययही आहे : ‘पटुजातीय’ म्हणजे हुशारांत मोडणारा. ‘अंध्रजातीय’ म्हणजे आंध्र लोकांत मोडणारा, इतकंच. हे आंध्र म्हणजे एक जन. ऐतरेय ब्राह्मणात पुंड्र, शबर, पुलिंद यांच्या जोडीला ते येतात, अशोकाच्या तेराव्या शिलालेखातही पुलिंदांसोबत येतात. आजचं राज्य किंवा तेलुगू भाषा त्या शब्दात भरणं ही या वादातली सर्वांत मोठी चूक.

या घराण्याने स्वतःला काय म्हटलं, ते जास्त महत्त्वाचं. त्यांच्या कोरीव लेखांत ‘आंध्र’ हा शब्द एकदाही नाही. नाशिकच्या लेण्यांत कन्ह राजाच्या लेखात ‘सादवाहनकुल’ आहे. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा मोठा लेख लेणे क्र. 3 मध्ये, नातू पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षातला. त्यात मुलाचं वर्णन ‘सातवाहनकुलयसपतिथापनकर’ (सातवाहन कुळाचं यश पुन्हा प्रस्थापित करणारा) असं आहे, आणि तो ज्यांचा राजा ती नावं अशी : असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरंत, अनुप, विदभ, आकरावति. मुळक म्हणजे पैठणचा परिसर, अपरंत म्हणजे कोकण. आंध्र यादीत नाही. महाराष्ट्रवादी मंडळी इथे थांबतात, पण पुढे पर्वतांच्या यादीत सह्याबरोबर ‘महिद’ म्हणजे पूर्वेकडचा महेंद्रही आहे, तो गाळू नये. शिवाय राज्य कुठे होतं यावरून कूळ कुठलं हे ठरत नाही. म्याकदोनीच्या लेखातल्या ‘सातवाहनीहार’ या प्रदेशनामावरून मूळ ठिकाण जुन्या बेल्लारी भागात असल्याचं मत मांडलं गेलं, तेलंगणातल्या कोटिलिंगाळच्या नाण्यांवरून तिकडचा दावा होतो, नाणेघाटातल्या लेखांवरून आपल्याकडचा.

लेखांत येणाऱ्या ‘महारठी’ या शब्दावरही तसाच भार टाकला जातो. नाणेघाटात ‘महारठि त्रनकयिरो’ आहे, बेडसे लेण्यात महारठिणी आहे. पण चित्रदुर्गाकडच्या शिशाच्या नाण्यांवरही ‘महारठी’ आहे. तो एका मोठ्या सरदारवर्गाचा किताब होता. त्याला थेट ‘मराठा’ समजू नये.

भाषेचं म्हणाल, तर याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीचं चांदीचं नाणं हातात घेतल्यासारखं पाहा. एका बाजूला राजाचा मुखवटा, भोवती प्राकृत : ‘रञो वासिठिपुतस सिरि सातकणिस’. मागे तेच नाव द्राविडी वळणाने : ‘वासिठिपुत’चं ‘वाहिट्टि माकण’, ‘सिरि’चं ‘तिरु’, ‘सातकणि’चं ‘हातकणि’. ही मागची भाषा तमिळ की तेलुगूची पूर्वज, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र राज्यात दोन भाषांचे लोक ते नाणं वापरत होते, हे त्यावरून स्पष्ट दिसतं. त्या काळी आजची मराठीही नव्हती आणि आजची तेलुगूही. म्हणून ‘मराठी राजा’ आणि ‘तेलुगू सम्राट’ ही दोन्ही विशेषणं माझ्या मते सारखीच चुकीची.

तेव्हा लिहिताना घराण्याला ‘सातवाहन’ म्हणा. ‘आंध्र’ किंवा ‘आंध्रभृत्य’ लिहायचं तर ‘पुराणांत ज्यांना आंध्र म्हटलं आहे ते’ असं सांगून लिहा, आणि पुराण कोणतं तेही सांगा, कारण पुराणागणिक अर्थ बदलतो. ‘गौतमीपुत्र’ हे मातृनाम आहे, आडनाव नव्हे. नुसतं ‘सातकर्णी’ लिहिण्यापेक्षा ‘गौतमीपुत्र सातकर्णी’ लिहावं, कारण सातकर्णी अनेक झाले. ‘शालिवाहन’ शकगणनेपुरता ठेवा. तो याच नावाचा नंतरचा अवतार. प्राकृतात ‘सातवाहन’मधल्या त चा ल होऊन ‘सालाहण’ झालं, आणि पुढे संस्कृतात परत नेताना ‘शालिवाहन’. प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र याने हा बदल सांगताना दोनच शब्द एकत्र घेतले आहेत : सातवाहन आणि अतसी. त्यातली अतसी म्हणजे आपली अळशी.