आधी पाणी बघा, मग कॅमेरा: सागरी किल्ल्यांबद्दल तुमचे प्रश्न

यावेळी सगळ्यात जास्त प्रश्न जलदुर्गांवरच आलेत, थंडी पडली की कोकणात गाड्या सुटतात त्याचा परिणाम. काही प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत, आणि कोणता फोन घ्यावा हे विचारणाऱ्यांनी माफ करा, ते या पानावर नको.

प्रश्न: अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे संध्याकाळी किनाऱ्यावरून खूप फोटो काढले, सगळ्यात किल्ला म्हणजे नुसता काळा ठोकळा. दुसऱ्या दिवशी दुपारी आत जायला गेलो तर पाणी उतरलंच नाही. नक्की कधी जायचं? – एक वाचक, डोंबिवली

तुमचे दोन्ही प्रॉब्लेम वेळेचे आहेत, कॅमेऱ्याचा काही दोष नाही. आपला समुद्र पश्चिमेला, किल्ला पाण्यात आणि तुम्ही किनाऱ्यावर पूर्वेला उभे, म्हणजे संध्याकाळी सूर्य किल्ल्याच्या मागे जाणार आणि तटाची तुमच्याकडची बाजू सावलीत राहणार. आकार हवा असेल, नुसती रेषा, लाल आकाश वगैरे, तर संध्याकाळ बेस्ट, पण तटाचे दगड, दरवाजा, बुरुज दिसायला हवे असतील तर सकाळीच जायला पाहिजे, तेव्हा ऊन तुमच्या पाठीमागून थेट तटावर पडतं. कोकण किनाऱ्यावरच्या जवळपास सगळ्या जलदुर्गांना हा हिशोब लागू पडतो.

आता पाणी. कोळी लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५, त्याचे आले सव्वाअकरा, मग ओहोटी त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर, म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळी तेवढ्यालाच. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा, म्हणजे भरती सकाळी-संध्याकाळी सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला. वर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. तुम्ही गेलात ती तारीख मी कॅलेंडरमध्ये बघितली, सप्तमी होती. पाणी उतरणार कसं?

म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया, तृतीया, चतुर्थी धरा. तेव्हा उधाणाचे दिवस असतात, ओहोटीला पाणी चांगलं लांब जातं, आणि ओहोटीची वेळ सकाळी साडेसात ते नऊच्या मध्ये पडते, म्हणजे ऊनही बरोबर आणि वाटही मोकळी. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे नेटवर त्या दिवसाचं भरतीचं टाइमटेबल बघाच आणि किनाऱ्यावर घोडागाडीवाल्याला विचारा, त्याचं पोटच त्यावर आहे. पाणी पूर्ण उतरायची वाट बघत बसू नका, तासभर आधी चालायला लागा, आणि ओहोटी संपून पाणी परत फिरलं की तुम्हीही फिरा. आत रमलात आणि वाट बुडाली तर पुढच्या ओहोटीपर्यंत थांबा नाहीतर होडी शोधा, आणि गुडघाभर पाणी आहे जाऊ की म्हणून कॅमेरा डोक्यावर धरून निघणारे लोक असतात, त्यांच्यासारखं काही करू नका, येणाऱ्या भरतीला ओढ असते.

जाता जाता तटाचा एक जवळून फोटो नक्की घ्या. मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींमधून आत शिरतं आणि निघून जातं, त्यामुळे भिंतीवर मार कमी बसतो. फटीत हात घालून बघा, ओल लागते, शिंपले चिकटलेले असतात.

प्रश्न: कुलाब्यातल्या चाकांवरच्या दोन तोफांचा फोटो टाकला, "कान्होजी आंग्रे यांच्या तोफा" असं लिहिलं, तर एकाने चूक काढली. बरोबर कोण? – वाचक, पेण

तो बरोबर. तोफेवर इंग्रजी अक्षरं कोरलेली आहेत ती झूम करून वाचा, यॉर्कशायरच्या लो मूर आयर्नवर्क्सचं नाव आहे. तो कारखाना सुरू झाला १७९१ मध्ये आणि कान्होजी गेले १७२९ ला. किल्ल्याची गोष्ट तशी मोठीच आहे, शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू करायला लावलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, पुढे आंग्र्यांचं ते मुख्य ठाणं झालं, आतलं गणपतीचं देऊळ १७५९ चं, राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं. एवढं खरं हाताशी असताना कॅप्शनला मसाला कशाला लावायचा? आणि तोफेचा फोटो काढताना अक्षरांवर समोरून फ्लॅश मारू नका, सपाट दिसतात, ऊन तिरकं पडेल त्या बाजूने काढा.

प्रश्न: जंजिऱ्याला बोटवाले पाऊण-एक तासच देतात, त्यात गाइड पळवतो. बोटीतून काढलेले फोटो हललेले येतात. काय काय काढावं? – वाचक, सातारा

सगळं काढायचं ठरवलंत तर काहीच धड मिळणार नाही. राजापुरीहून होडी निघाली की लांबून दरवाजा दिसतच नाही, नुसती भिंत आणि बुरुज, अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या बेचक्यातून तो उघडतो, आणि हीच जंजिऱ्याची खरी करामत आहे, तेव्हा तुमची सीरिज तिथून सुरू करा, लांबून एक, मधून एक आणि दरवाजा दिसायला लागतो त्या क्षणी एक. होडी हलते म्हणून शटर स्पीड १/१००० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, मोबाईल असेल तर बर्स्ट लावा, म्हणजे एका दमात भराभर बरेच फोटो निघतात, आणि कोपर होडीच्या काठावर टेकवू नका, काठाची थरथर थेट कॅमेऱ्यात येते.

पण दरवाजाजवळ पोचल्यावर फोटो बंद. होडी वरखाली होत असते आणि पायरीवर पाय टाकायचा असतो, तेव्हा कॅमेरा बॅगेत, चेन लावलेली आणि दोन्ही हात मोकळे. गळ्यात लोंबकळणारा कॅमेरा बरोबर दगडावर आपटतो.

आत शिरताना ते प्रसिद्ध शिल्प आहे, वाघासारख्या प्राण्याने पंजात हत्ती पकडलेत. घाई करून समोरून काढलं की चपटं येतं, जरा बाजूला सरका, सावल्या दिसायला लागल्या की काढा. मग कलालबांगडी तोफ, तिच्या मागे उभं राहून तोंड समुद्राकडे येईल असा फोटो, म्हणजे ती कशावर रोखलेली होती ते कळतं. गोड्या पाण्याचे तलाव आहेत, सुरूलखानाचा पडका वाडा आहे. गाइडचं ऐका जरूर पण दंतकथा गाळून घ्या.

वेळ आणि खिसा परवानगी देत असेल तर समोरचा पद्मदुर्ग, म्हणजे कासा किल्ला, बघा. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी बांधला. तिथे नियमित फेरी नसते, मच्छीमारांशी बोलून बोट ठरवावी लागते आणि लाइफ जॅकेट मागूनच घ्यायचं, लाजायचं नाही. तिथल्या तटावर जे दिसतं ते मला तरी जंजिऱ्याच्या तोफेपेक्षा भारी वाटतं. खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड झिजून आत गेलेत आणि दगडांमधला चुना तसाच बाहेर उभा आहे, मधाच्या पोळ्यासारखी रिकामी घरं. तिरक्या उन्हात याचा क्लोजअप काढा.

प्रश्न: ट्रायपॉड, ड्रोन, प्री-वेडिंग शूट यांना परवानगी लागते का? – बऱ्याच जणांकडून

जंजिरा, कुलाबा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग ही सगळी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली संरक्षित स्मारकं आहेत. हातात धरून साधे फोटो काढायला कोणी अडवत नाही. ट्रायपॉड, लाइट, मॉडेल, शूटिंगची टीम आली की आधी परवानगी काढावी लागते, गेटवर जाऊन हुज्जत घालून उपयोग नाही. ड्रोन खात्याच्या परवानगीशिवाय उडवायचाच नाही, शिवाय डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या वेबसाइटच्या नकाशावर तो भाग कोणत्या झोनमध्ये येतो ते वेगळं बघावं लागतं, आणि ड्रोन छोटा आहे २५० ग्रॅमच्या आतला म्हणून झोनचे नियम सुटत नाहीत. आणि एक, बदामात नावं कोरून त्याच्यासोबत फोटो टाकणारे महाभाग अजून आहेत, संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही असं कायद्यात आहे, आणि पुरावा हे लोक स्वतःच अपलोड करतात!

प्रश्न: जंजिरा युनेस्कोच्या यादीत आला ना? – वाचक, नाशिक

नाही. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यं म्हणून जे १२ किल्ले यादीत गेले त्यात समुद्रातले-किनाऱ्यावरचे चार आहेत, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. जंजिरा सिद्द्यांचा, तो मराठ्यांना कधी मिळालाच नाही, तेव्हा तो त्यात नसणार हे ओघाने आलंच.

प्रश्न: समुद्रावरून आल्यावर लेन्सवर पांढुरकी साय येते, रुमालाने पुसली तर ओरखडे पडले. – वाचक, पुणे

ते मीठ आहे. सुकलेलं मीठ कोरड्या कपड्याने घासणं म्हणजे काचेवर वाळू चोळणं. आधी ब्लोअरने, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्याने, उडवा, मग मायक्रोफायबर साध्या गोड्या पाण्यात ओला करून घट्ट पिळून हलक्या हाताने टिपा आणि शेवटी कोरडा कपडा. कॅमेऱ्याची बॉडीही अशीच ओलसर कपड्याने पुसायची, नळाखाली धरायची नाही. ट्रायपॉडचे पाय मात्र धुवायचे, नाहीतर पुढच्या वेळी लॉक फिरत नाहीत. किल्ल्यावर आणि होडीत लेन्स बदलू नका. एसी गाडीतून उतरल्यावर काचेवर वाफ धरते, बॅग न उघडता दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवली की धरत नाही.

प्रश्न: आई सत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण समुद्रातला किल्ला बघायचाय. पाऊस संपायच्या आधी जमेल का? – वाचक, कोल्हापूर

जून ते ऑगस्ट साधारण होड्या बंदच असतात, त्यामुळे सिंधुदुर्ग, जंजिरा विसरा, आणि होडीतून चढ-उतर गुडघ्यांना तशीही अवघड. विजयदुर्गाला न्या. तीन बाजूंना पाणी आहे पण गाडी दरवाजाजवळ जाते. वाघोटन खाडीच्या तोंडावर आहे, तिहेरी तटबंदी, आत मोकळी जागा भरपूर. पावसात दगडावर शेवाळ असतं म्हणून पायऱ्या चढायचा हट्ट नको, दरवाजातून आत जाऊन खालूनच बघा. उघडीप मिळाली तर फोटोला पावसाळी ढगाळ उजेड उलट चांगला, चेहऱ्यावर कडक सावल्या येत नाहीत. फक्त आईंना तटाच्या कडेला उभं करून "थोडं मागे सरक" म्हणू नका, सगळीकडे कठडा नाहीये.